मुहूर्त आणि आपण



दसरा जवळ आला की वाकड-हिंजवडीत नव्या फ्लॅटच्या चाव्या आणि हार घातलेल्या नव्या गाड्या दिसू लागतात. लग्नाची तारीख ठरवायला आमच्याकडे येणारेही हळूच विचारतात, "फादर, त्या दिवशी अमावस्या आहे, दुसरी तारीख मिळेल का?" विचारणारे आपल्याच धर्मग्रामातले असतात, म्हणून हे लिहीत आहोत.

पंचांग म्हणजे तिथी, वार, नक्षत्र, योग आणि करण ही पाच अंगे. चंद्र सूर्याच्या १२ अंश पुढे गेला की एक तिथी पुरी होते. चंद्राची गती कमीजास्त होत असल्याने एखादी तिथी सुमारे २० तासांत संपते, तर एखादी २६ तास चालते. सूर्योदयाला जी तिथी असेल ती त्या दिवसाची. त्यामुळे कधी एखाद्या तिथीचा क्षय होतो, तर कधी तीच तिथी दोन दिवस राहते. हे गणित आहे आणि आदराने पाहावे असे आहे. आपला ईस्टरही चंद्रावरच ठरतो: २१ मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेनंतरचा रविवार. २०२३ साली हनुमान जयंती आणि आपला पवित्र गुरुवार एकाच दिवशी, ६ एप्रिलला आले. दोघांचा चंद्र एकच!

अडचण पुढे येते. अॅरिस्टॉटलने काळाला गतीचे माप म्हटले आहे. शेराच्या मापात दूध घाला की ताक, माप तेच राहते. मग एखादी घटका स्वतःच शुभ किंवा अशुभ कशी असेल?

कोणी म्हणेल, "फादर, गुड फ्रायडेला तुम्ही तरी लग्न कुठे लावता?" प्रश्न रास्त आहे. नाही लावत. पण त्या दिवशी लग्न लागले तर संसार मोडेल, या भीतीने नव्हे. घरात दुःख असताना आपण वाजंत्री लावत नाही, तसेच ते आहे. आठवण राखणे वेगळे आणि धास्ती घेणे वेगळे.

सोयरे हिंदू असतील आणि त्यांच्या मनाला बरे वाटावे म्हणून दुसरी तारीख मागितली, तर चर्च मोकळे असल्यास आमची हरकत नाही. पण लग्नानंतर घरात कोणी आजारी पडले की सुनेकडे बोट दाखवायचे, मूळ नक्षत्रावर जन्मलेली मुलगी म्हणून तिचे स्थळ परत पाठवायचे, हे आपल्या घरांतही कानावर येते, तेव्हा आम्ही गप्प बसू शकत नाही. जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनी विचारले होते की पाप कोणाचे. प्रभूने ना त्याला दोष दिला, ना त्याच्या आईबापांना. त्याने त्या माणसाच्या डोळ्यांना हात लावला.

यंदा ज्यांच्या घरी लग्नकार्य आहे त्यांनी हॉलचे पैसे भरण्याआधी आम्हाला भेटावे. मुलामुलीने दोघांनी मिळून यावे.