साक्षी विनायकाच्या गावातले छायाचित्र

काशीच्या घाटांवर खासगी छायाचित्रण करून घेणे ही आता यात्रेतली नेहमीची गोष्ट झाली आहे. घरून निघण्याआधीच फोनवर छायाचित्रकार ठरतो. तारीख, वेळ, माणसे किती, घाट कोणते, नाव लागेल का, कपडे कोणत्या रंगाचे, निवडून साफसूफ केलेली छायाचित्रे किती मिळणार, हे सारे आगाऊ बोलून घेतले जाते आणि विसार म्हणून काही रक्कम पाठवली जाते. ठरल्या दिवशी उजाडण्यापूर्वी अस्सी घाटावर भेट होते. तिथून चेतसिंह घाट, दरभंगा घाट, दशाश्वमेध असे करत ऊन चढेपर्यंत काम चालते. लग्न ठरलेली जोडपी येतात, निवृत्तीनंतर जोडीने काशी करायला निघालेले येतात, एकटे प्रवासीही येतात. व्यवहार साधा आहे, पण त्यातून धर्मविचाराला एक खरा प्रश्न पडतो. तीर्थाला गेलेला माणूस तिथे पाहणारा असतो. त्याने स्वतःच पाहण्याची वस्तू व्हायचे ठरवले, तर त्याच्या यात्रेचे काय होते?

हा प्रश्न काशीत अधिक टोकदार होतो, याला तिथला भूगोल कारण आहे. गंगा इथे उत्तरवाहिनी आहे आणि चौऱ्याऐंशी घाटांची सहा-सात किलोमीटरची रांग तिच्या पश्चिम काठावर पूर्वेकडे तोंड करून बसली आहे. त्यामुळे सूर्य उगवताच त्याचे पहिले किरण मध्ये काहीही न येता थेट पायऱ्यांवर पडतात. स्नान करून उगवत्या सूर्याला अर्घ्य देण्याची वेळ हीच आणि छायाचित्रकाराला हवा असलेला मऊ, तिरपा उजेडही हाच. एकाच पायरीवर, एकाच घटकेला दोन माणसे उभी असतात; एकाला त्या उजेडाकडे पाहायचे असते, दुसऱ्याला त्या उजेडात दिसायचे असते. पार्श्वभूमीला सूर्य हवा असेल तर दुसऱ्याला सूर्याकडे पाठ करावी लागते. पार्श्वभूमीला घाट हवे असतील तर छायाचित्रकार नावेत जातो आणि माणूस आणि सूर्य यांच्या मधोमध येतो.

तरीही 'दिसणे' तीर्थाला परके आहे असे म्हणता येत नाही. भारतीय परंपरेतले दर्शन दुहेरी आहे. भक्त देवाला पाहतो, तसाच देव भक्ताला पाहतो. मूर्तीची प्राणप्रतिष्ठा करताना नेत्रोन्मीलनाचा विधी असतो तो याचसाठी. डोळे उघडेपर्यंत मूर्ती पाहू शकत नाही, म्हणून तिचे दर्शनही पुरे होत नाही. डायना एक यांनी 1981 मध्ये 'दर्शन' याच नावाने लिहिलेल्या छोट्या पुस्तकाचा गाभा हा देवाणघेवाणीचा विचार आहे. म्हातारी बाई मुलाला गाभाऱ्यापाशी उचलून धरते, तेव्हा मुलाला देव दिसावा एवढेच तिच्या मनात नसते. देवाची नजर त्याच्यावर पडावी हेही असते. कुणाच्या तरी दृष्टीत येण्याची इच्छा ही यात्रेइतकीच जुनी आहे.

आपण येऊन गेलो याला साक्षीदार असावा, ही इच्छाही तितकीच जुनी. पंचक्रोशीची परिक्रमा मणिकर्णिकेवर संकल्प करून सुरू होते, कर्दमेश्वर, भीमचंडी, रामेश्वर, शिवपूर, कपिलधारा असे मुक्काम करत पुन्हा मणिकर्णिकेवर येते आणि त्यानंतर यात्रेकरू साक्षी विनायकाला जातात. परिक्रमा झाली याची नोंद त्या गणपतीपुढे करायची असते. दाखला ठेवण्यासाठी एक स्वतंत्र देव नेमणारी ही परंपरा पुराव्याच्या इच्छेला तुच्छ मानत नव्हती, हे लक्षात घ्यायला हवे. तीर्थोपाध्यायांच्या वह्यांचेही तसेच. आजोबा कधी आले, बरोबर कोण होते, कोणाचे श्राद्ध केले, हे त्या वह्यांत सापडते आणि नातू खाली आपले नाव लिहितो. महाराष्ट्रातून काशीला जाणारे लोक गंगेचे पाणी आणत, ते तीर्थ म्हणून आणि खूण म्हणूनही. वरसईच्या विष्णुभट गोडसे यांनी 1857 च्या धामधुमीतून वाट काढत उत्तरेतून गंगेची कावड घरी आणली आणि आईवडिलांना त्या पाण्याने स्नान घातले. त्यांचा 'माझा प्रवास' वाचताना त्या कावडीचे ओझे वाचकाच्या खांद्यावर येते.

इतकेच काय, स्वतःची प्रतिमा तीर्थात ठेवण्याची रीतही नवी नाही. तिरुमलाच्या मंदिरात कृष्णदेवराय आणि त्याच्या दोन राण्या धातूच्या मूर्तींच्या रूपात हात जोडून उभ्या आहेत. नाथद्वाऱ्यात छायाचित्रणाची कला आल्यावर चित्रकारांनी 'मनोरथ' चित्रांमध्ये यात्रेकरू कुटुंबांचे छायाचित्रातले चेहरे कापून डकवले आणि रंगवलेल्या श्रीनाथजींच्या दोन्ही बाजूंना त्यांना उभे केले. पैसे देऊन, कलावंत ठरवून, तीर्थातली आपली छबी करून घेणारे ते लोक आजच्या प्रवाशाचे पूर्वजच म्हणायचे. म्हणून प्रतिमा आहे, पैसे मोजले आहेत किंवा हौस आहे, एवढ्यावरून खासगी छायाचित्रणाला अधार्मिक ठरवता येत नाही. पण या सगळ्या जुन्या प्रतिमांत त्या माणसाची जागा ठरलेली होती. तो हात जोडून देवाच्या सेवेत उभा होता, आणि प्रतिमेचे केंद्र तो नव्हता.

आजच्या छायाचित्रात केंद्र बदलते, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे साक्षीदार बोलू लागतो. साक्षी विनायक कोणाला 'मान जरा डावीकडे' असे सांगत नाही. वही लिहिणारा उपाध्याय 'पुन्हा एकदा चालत या' म्हणत नाही. छायाचित्रकाराला मात्र हे सांगावेच लागते; त्याचे काम चांगले व्हायचे तर त्याने सांगायलाच हवे. ऐकणारा माणूस घाटावर उभा असतो, पण त्याचे लक्ष आपण पलीकडून कसे दिसत असू या कल्पनेवर असते. रोलां बार्थ यांनी 1980 मध्ये प्रसिद्ध झालेल्या छायाचित्रणावरच्या पुस्तकात हा अनुभव नेमका पकडला आहे. भिंग आपल्याकडे वळले आहे हे कळताच माणूस त्याच क्षणी स्वतःचे दुसरे शरीर घडवू लागतो आणि छायाचित्र निघण्याआधीच प्रतिमा होऊन बसतो, असे त्यांचे म्हणणे.

भारतीय दर्शनांनी या घोटाळ्याचा विचार फार आधी केला होता. पाहणारा आणि पाहिले जाणारे यांची सरमिसळ हे दुःखाचे कारण आणि म्हणूनच ती टाळायची, असे योगसूत्रांचा साधनपाद सांगतो. 'दृग्दृश्यविवेक' या वेदान्ताच्या छोट्या प्रकरणग्रंथात हीच गोष्ट पायरी पायरीने येते. रूप दृश्य आणि डोळा पाहणारा. मग डोळाही दृश्य आणि मन पाहणारे. मग मनही दृश्य आणि पाहणारा तो साक्षी, जो स्वतः कधीच दृश्य होत नाही. ईश्वरकृष्णाच्या सांख्यकारिकेत नर्तकीचा दृष्टांत आहे. नर्तकी रंगमंचावर आपले नृत्य दाखवते आणि थांबते, तशी प्रकृती पुरुषाला आपले रूप दाखवून निवृत्त होते. पुढे तिला अतिशय लाजरी म्हटले आहे: आपण पाहिले गेलो हे कळल्यावर ती पुन्हा समोर येत नाही.

हा दृष्टांत घाटावरच्या पहाटेशी ताडून पाहण्यासारखा आहे. नाचणारी नदी, उजेड, धूर, घंटा, पक्षी आणि पाहणारा यात्रेकरू, अशी तीर्थातली मूळ मांडणी. छायाचित्रणासाठी ठरलेल्या दोन तासांत यात्रेकरू आपली पाहणाऱ्याची जागा छायाचित्रकाराला देतो आणि स्वतः नर्तकीच्या जागी जाऊन उभा राहतो. नाच मनासारखा होईपर्यंत तो परत परत करतो. या दोन तासांपुरते घाटावर पाहणारे म्हणून कोणी उरत नाही, कारण छायाचित्रकारही नदी पाहत नसतो. तो चौकट पाहत असतो. यात पाप आहे असे म्हणणे अतिरेकाचे होईल. पण नुकसान आहे, आणि तीर्थाच्या दृष्टीने ते मोठे आहे.

नुकसानाचे पाप कुठे होते, हे ठरवायला कर्मकांडातला संकल्पाचा विचार उपयोगी पडतो. कोणतेही धर्मकृत्य करताना आधी देश, काळ, आपले गोत्र-नाव आणि हेतू उच्चारून उदक सोडावे लागते. काशीतल्या संकल्पात या भूमीची अविमुक्त, आनंदवन, महाश्मशान अशी नावे येतात. हे कृत्य कुठे, केव्हा, कोणाचे आणि कशासाठी, हे पक्के केल्याशिवाय कृत्य सुरूच होत नाही. छायाचित्रकाराशी आगाऊ ठरवताना सांगितल्या जाणाऱ्या गोष्टीही याच: जागा, वेळ, नावे, हेतू. म्हणजे तोही एक संकल्पच आहे, आणि तो प्रामाणिक असू शकतो. लग्नाआधीची आठवण म्हणून घाटावर फोटो काढायचे ठरवणारे जोडपे तेवढेच करायला आलेले असते. ते पूजा केल्याचा आव आणत नाही. त्याला नावे ठेवण्याचे कारण नाही.

अडचण येते ती एका संकल्पाचे कृत्य दुसऱ्या संकल्पाच्या वेषात केले जाते तेव्हा. ओंजळीतून पाणी सोडण्याचे छायाचित्र मागण्यात सर्रास असते. पाण्याची धार उजेडात छान दिसते. तीन वेळा ओंजळ भरून सोडली, यात काही वावगे नाही; संध्येत सकाळचे अर्घ्य तीनदाच देतात आणि वेळ टळली असेल तर चौथे प्रायश्चित्तार्घ्य देतात. शास्त्राला पुनरावृत्तीचे वावडे नाही. पण संध्येतली प्रत्येक ओंजळ सूर्यासाठी असते आणि चौथी तर आपल्याकडून उशीर झाल्याची कबुली असते. छायाचित्रासाठी सोडलेली चौथी ओंजळ तिसरी नीट दिसली नाही म्हणून असते. गीतेच्या सतराव्या अध्यायात सत्कार, मान आणि पूजा मिळावी म्हणून दंभाने केलेल्या तपाला राजस म्हटले आहे आणि ते चंचल, न टिकणारे ठरवले आहे. घाटावर नुसते हसत उभे राहण्यापेक्षा भक्तीचा अभिनय करणे अधिक सदोष आहे, हे या वचनाच्या आधारे ठामपणे म्हणता येते. भक्ती नसणे हा दोष नाही. नसलेली भक्ती दाखवणे हा आहे.

आतापर्यंतचा विचार छायाचित्र काढून घेणाऱ्याचा झाला. घाटावर इतरही माणसे असतात. काकडत स्नान करणारी बाई, जप करणारा म्हातारा, वडिलांच्या अस्थी घेऊन आलेला मुलगा, हे सगळे कोणाच्या तरी छायाचित्रात पार्श्वभूमी म्हणून जातात. त्यांना कोणी विचारत नाही. माणसाला केवळ साधन म्हणून वापरू नये, हे कांटने 1785 मध्ये मांडलेले तत्त्व इथे जसेच्या तसे लागू होते. त्यासाठी धर्मशास्त्रापर्यंत जाण्याचीही गरज नाही. मणिकर्णिका आणि हरिश्चंद्र घाटांवर तर जळत्या चितांची छायाचित्रे घेण्यास मनाई आहे, आणि ती योग्यच आहे. चितेवरचा माणूस संमती देऊ शकत नाही आणि चितेपाशी उभा असलेला नकार देण्याच्या स्थितीत नसतो. पलीकडे नाव उभी करून लांबचे भिंग लावल्याने ही गोष्ट बदलत नाही. या एका बाबतीत सवलत मागणाऱ्याचा कोणताच युक्तिवाद टिकत नाही.

देवस्थानांनी आपापल्या सीमा आखल्याच आहेत. विश्वनाथाच्या मंदिरात मोबाइल नेता येत नाही. केदारनाथला मंदिरासमोर केलेली चित्रीकरणे वादात सापडल्यावर 2023 च्या जुलैमध्ये मंदिर समितीने आत मोबाइल आणि छायाचित्रणाला बंदी केली. बंदीने गाभारा सांभाळला जातो. घाट मात्र उघडा आहे, तो कोणा एकाचा नाही आणि तिथे माणसाला स्वतःच ठरवावे लागते.

ठरवताना 'चांगदेव पासष्टी'तला आरशाचा दृष्टांत मराठी माणसाच्या हाताशी आहे. ज्ञानदेवांनी चांगदेवांना लिहिलेल्या त्या पासष्ट ओव्यांत मुख, आरसा आणि प्रतिबिंब यांचा विचार येतो. आरशामुळे मुखाला आपले दिसणे घडल्यासारखे वाटते. पण आरसा नव्हता तेव्हाही मुख होतेच, आणि आरसा आल्याने त्यात भर पडत नाही. आरसा फोडा, असे ज्ञानदेव म्हणत नाहीत. त्यांचा रोख आरशावर नसून, आरशामुळेच आपण आहोत या समजावर आहे. छायाचित्राला हे तसेच लागू पडते. स्नान, अर्घ्य, दर्शन आधी करून, मग उन्हे वर आल्यावर छायाचित्रकाराला बोलावणारे लोक काशीत आहेत. त्यांना कोवळा उजेड मिळत नाही, तो त्यांनी आधीच वापरलेला असतो. काही छायाचित्रकारही काहीच न सुचवता दूर राहून जे घडते ते टिपतात. अशा वेळी तो खऱ्या अर्थाने साक्षी असतो आणि त्याच्या छायाचित्राला वहीतल्या नोंदीची योग्यता येते. माणसे त्यात बहुधा पाठमोरी असतात, कारण ती नदीकडे पाहत असतात.

घरी परतल्यावर जुन्या रीतीप्रमाणे गंगापूजन होते, मावंदे घातले जाते. तोंड बंद करून आणलेला गंगेचा गडू पूजेनंतर उघडतात आणि आलेल्या प्रत्येकाच्या हातावर थोडे थोडे तीर्थ घालतात. छायाचित्रेही त्याच दिवशी, जेवणे झाल्यावर, फोनवरून हातोहात फिरतात.