स्वतोमूल्य आणि मनुष्याचा हेतू

काही वस्तू दुसऱ्या कशासाठी तरी हव्या असतात. धन, औषध, शस्त्र यांचे मूल्य असे साधनरूप होय. परंतु साधनांची ही परंपरा कोठेतरी थांबलीच पाहिजे. जे केवळ त्याच्याचसाठी इष्ट, त्याचे मूल्य स्वतोमूल्य होय. येथवर वाद नाही. वाद पुढे आहे.

पूर्वपक्ष असा : मनुष्य जे जे करतो ते स्वतःच्या सुखासाठीच करतो. परोपकार करणाऱ्यासही समाधान लाभते. तेव्हा समाधान हेच त्याचे साध्य. हे खरे मानले, तर 'निष्काम' हा शब्दच पोकळ ठरतो. म्हणून मनाच्या स्वरूपाचा निर्णय झाल्यावाचून नीतीचा निर्णय होत नाही.

या ठिकाणी एक उदाहरण विचारात घ्यावे. विनोबा भावे यांचा जन्म पेण तालुक्यातील गागोदे गावी १८९५ साली झाला. मातोश्री रुक्मिणीबाईंना संस्कृत गीता कळेना. सुबोध मराठी गीता तूच लिही, असे त्यांनी पुत्रास सुचविले. १९१८ साली त्या निवर्तल्या. 'गीताई' लिहून पूर्ण झाली ती १९३१ साली. जिची इच्छा, तीच ऐकावयास उरली नव्हती.

पूर्वपक्षी म्हणेल, पुत्रास तरी समाधान झालेच ना? झाले असेल; परंतु ते याच गोष्टीने का व्हावे? मातेची इच्छा मुळातच प्रिय होती, म्हणून. ज्याला त्या इच्छेची चाड नाही, त्याला तिच्या पूर्तीने समाधान कसले? समाधान हे सावलीप्रमाणे मागून येते. ते हेतू नव्हे. इंग्लंडातील धर्मोपदेशक जोसेफ बटलर यांनी १७२६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रवचनांत याच धर्तीचा युक्तिवाद केला आहे.

तथापि मूल्य बुद्धीला पटणे निराळे आणि मन त्याकडे वळणे निराळे. मनाला तसे वळण लागावे लागते. रोहे येथे १९२० साली जन्मलेल्या पांडुरंगशास्त्री आठवले यांनी स्वाध्याय कार्यात 'योगेश्वर कृषी' रुजविली, ती या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. तेथे ग्रामस्थ पाळीपाळीने सामाईक शेतात श्रम करतात. पीक कोणा एकाचे नव्हे, ईश्वराचे. त्यातून गरजूस मिळते ते प्रसाद म्हणून. धान्य तेच, परंतु उपकार म्हणून दिले तर घेणारा ओशाळतो, प्रसाद म्हणून दिले तर त्याची मान ताठ राहते. कारण पहिल्या प्रकारात घेणारा हा देणाऱ्याच्या मोठेपणाचे साधन बनतो; दुसऱ्यात त्याचे स्वतोमूल्य अबाधित राहते.

मात्र त्याच शेतात राबणाऱ्याच्या मनी लौकिकाची हाव शिरली, तर पीक तेवढेच येईल, कर्माचे मूल्य मात्र पालटेल. हा पालट दुसऱ्यास दिसत नाही. पुष्कळदा कर्त्यासही दिसत नाही. तेव्हा सुज्ञांनी आपणांस एवढेच विचारावे : घेणाऱ्याने आभार मानले नाहीत, कोणी पाहिलेही नाही, तर हेच काम आपण उद्या करू काय? या प्रश्नाशी मन अडखळले, तर काम सोडू नये, हेतू तपासावा.