प्यालेबरदार भिंत बांधतो
शास्त्रपाठ : नहेम्या, अध्याय १ ते ७ व १३



आयुष्याच्या मध्यावर पुन्हा विद्यार्थ्याच्या बाकावर जाऊन बसणे सोपे नसते. पंधरा-वीस वर्षे छापखान्यात, विमा कचेरीत, शाळेत किंवा रुग्णालयाच्या नोंदणीखिडकीवर इमानेइतबारे काम केलेला एखादा बंधू, एखादी भगिनी नोकरी सुटल्यामुळे नवी वाट शोधू लागते आणि सायबर सुरक्षेच्या प्रशिक्षणवर्गात नाव घालते. ‘बूटकॅम्प’ या लष्करी छावणीच्या नावाने ओळखले जाणारे हे वर्ग बहुधा बारा ते चोवीस आठवड्यांचे असतात. एवढ्या अवधीत संगणक एकमेकांशी कसे जोडले जातात, लिनक्स प्रणाली कशी चालते, गुप्तलेखन म्हणजे काय, चोर कोणत्या वाटेने आत शिरतो आणि त्याच्या पावलांच्या खुणा कोठे उमटतात, हे सारे शिकावयाचे असते. शेजारी आपल्या मुलांच्या वयाचे सहाध्यायी असतात. ते भराभर पुढे जातात आणि आपली बोटे कळफलकावर अडखळतात. रात्री गुडघे टेकले असता ओठांवर दोनच प्रश्न येतात : “प्रभो, माझी मागली वर्षे वाया गेली काय? आणि आता हे माझ्याने होईल काय?”

या दोन प्रश्नांचे ओझे वाहणाऱ्या वाचकासाठी, आणि अशी व्यक्ती ज्यांच्या घरात किंवा मंडळीत आहे त्या सर्वांसाठी, आज आपण नहेम्याच्या जीवनाकडे पाहू या.

१. देव मागली वर्षे टाकून देत नाही

इ.स.पू. ४४५ च्या सुमारास नहेम्या शूशन राजवाड्यात अर्तहशश्त राजाचा प्यालेबरदार होता. तो गवंडी होता किंवा त्याने कधी एखादी भिंत बांधली होती, असे शास्त्र कोठेही सांगत नाही. तरीही यरुशलेमेच्या पडलेल्या तटाचे काम देवाने त्याच्याच हाती दिले. का बरे? प्यालेबरदाराच्या कामाकडे नीट पाहा. राजाच्या ओठांपर्यंत जाणाऱ्या पेल्यात विष मिसळले जाऊ नये, ही त्याची जबाबदारी. कोण आत आला, कोणी काय हाती दिले, नेहमीपेक्षा काय वेगळे घडले, यावर त्याची नजर सदैव असली पाहिजे. म्हणजे नहेम्या आधीपासूनच रखवालदार होता. पेल्याची राखण करता करता देवाने त्याला नगराची राखण करावयास शिकविले.

संगणक-सुरक्षेचे प्रत्यक्ष कामही बरेचसे असेच आहे. यंत्रे अहोरात्र नोंदी लिहीत असतात. अशा हजारो नोंदींतून एकच विसंगत नोंद हेरावयाची असते. दिवसा काम करणाऱ्या कारकुनाच्या नावाने कोणी रात्री दोन वाजता आत शिरले, तर ते कोण, हा प्रश्न कोणाला तरी पडला पाहिजे. ज्याने वीस वर्षे धनादेशावरील सह्या ताडून पाहिल्या, ज्या परिचारिकेने रुग्णाचे गुपित कधी ओठांबाहेर जाऊ दिले नाही, ज्या शिक्षकाने एकच गोष्ट चार रीतींनी समजावून सांगितली, त्यांचा तो अनुभव या नव्या कामात वाया जात नाही. नव्या आज्ञावली शिकाव्या लागतील. पण बारीक नजर, संयम आणि मितभाषण ही शिदोरी आपण बरोबरच आणली आहे.

तिसरा अध्याय अवश्य वाचा. नावांची लांबलचक यादी म्हणून आपण तो पुष्कळदा ओलांडून पुढे जातो. भिंतीवर कोण राबत होते? याजक, सोनार, सुगंधी द्रव्ये तयार करणारा, व्यापारी, आणि आपल्या कन्यांसह आलेला शल्लूम. आपला नेहमीचा धंदा बाजूला ठेवून हातात दगड घेणाऱ्यांचीच ही नामावली आहे. तकोवाच्या सरदारांनी मात्र मान लवविली नाही, याचीही नोंद तेथे आहे. नवे काम शिकण्यासाठी प्रथम मान लवविता आली पाहिजे. पंचविशीतल्या शिक्षकाला “मला समजले नाही, पुन्हा सांगा” असे म्हणावयास जी नम्रता लागते, तीही कृपेचेच दान आहे.

२. पायाभरणीपूर्वी पाहणी

नहेम्याने बातमी ऐकली आणि तो लगेच धावत सुटला, असे झाले नाही. सुमारे चार महिने त्याने उपास व प्रार्थना केली. नंतर राजासमोर उभा राहिला तेव्हा किती मुदत लागेल, कोणाच्या नावे पत्रे हवीत, लाकूड कोठून मिळेल, हे सर्व त्याच्या मनात तयार होते. यरुशलेमेत पोहोचल्यावर तीन दिवसांनी, रात्रीच्या वेळी, थोडी माणसे बरोबर घेऊन त्याने तट फिरून पाहिला. काम बावन्न दिवसांत आटोपले खरे, परंतु त्यामागे ही सर्व तयारी होती.

म्हणून, प्रिय वाचका, शुल्क भरण्यापूर्वी तूही पाहणी कर. ‘नोकरीची हमी’ असा फलक लावणाऱ्या प्रत्येक वर्गावर विश्वास ठेवू नको. हमी कोणत्या अटींवर आहे आणि पैसे परत मिळण्याची सोय लेखी दिली आहे काय, हे विचार. मागील तुकड्यांतील विद्यार्थ्यांशी स्वतः बोल. प्रत्यक्ष सरावाला किती तास आहेत ते पाहा. कर्ज काढावे लागत असेल, तर नोकरी मिळण्यास वर्ष लागले तरी हप्ते कसे फिटतील, याचा हिशेब घरच्यांसमवेत मांड. बुरूज बांधू इच्छिणाऱ्याने आधी बसून खर्चाचा अंदाज घ्यावा, असे आपल्या प्रभूनेही दृष्टांताने शिकविले आहे.

आणखी एक गोष्ट आधीच जाणून घे. या क्षेत्रातील पहिली नोकरी पुष्कळदा देखरेख कक्षात असते आणि तेथे तीन पाळ्यांत काम चालते. रात्रपाळी येईल. कधी रविवारची उपासनाही चुकेल. पहारेकऱ्याने रात्री जागावयाचे असते, यात कमीपणा नाही. नगर झोपते ते त्याच्या भरवशावर. पण कुटुंबाशी व आपल्या पाळकांशी हे आधी बोलून ठेव, म्हणजे आठवड्यातील दुसरा एखादा वेळ प्रभूसाठी राखून ठेवता येईल.

३. ओनोच्या मैदानातील निमंत्रण

भिंत उभी राहू लागली तेव्हा शत्रूंनी आपले डावपेच बदलले. सनबल्लट व गेशेम यांनी नहेम्याला ओनोच्या मैदानात भेटीस बोलाविले. एकदा नव्हे, चारदा; आणि दर वेळी निरोप तोच. पाचव्या वेळी उघडे पत्र आले व त्यात बंडाचा खोटा आरोप होता. मग शमायाला पैसे देऊन वश करण्यात आले. आज रात्रीच तुला ठार मारतील, मंदिरात लपून बस, असा सल्ला त्याने दिला. बाहेरून आपुलकीची भेट, नंतर आरोप, शेवटी प्राणांचे भय आणि लगेच निर्णय घेण्याची घाई.

वाचकहो, आज आपल्या भ्रमणध्वनीवर येणाऱ्या फसव्या निरोपांची रीत याहून वेगळी आहे काय? ‘तुमचे खाते आज बंद होईल’, ‘तुमच्या नावाच्या पार्सलात अमली पदार्थ सापडले’, ‘तुम्हाला डिजिटल अटक झाली आहे, कॅमेऱ्यासमोरून हलू नका’, हे सारे शमायाचेच शब्द होत. भारतीय कायद्यात ‘डिजिटल अटक’ नावाची कोणतीही तरतूद नाही. असा दूरध्वनी आला तर तो बंद करावा. पैसे गेलेच तर विलंब न करता १९३० या क्रमांकावर कळवावे. जो हे शास्त्र शिकत आहे त्याने प्रथम आपल्या मंडळीतील निवृत्त वडीलधाऱ्यांना, एकट्या राहणाऱ्या मावशी-काकींना एवढे तरी समजावून सांगावे. भिंत बांधणाऱ्यांपैकी अनेकांनी आपापल्या घरासमोरचाच भाग आधी बांधला होता.

पडक्या तटाचे दुःख कोणाच्या वाट्यास येते, तेही आपण पाहिले आहे. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेतून अशाच हल्ल्याने सुमारे ९४ कोटी रुपये चोरीस गेले. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्स रुग्णालयातील संगणकव्यवस्था हल्ल्यामुळे ठप्प झाली आणि कित्येक दिवस कामकाज कागदावर चालवावे लागले. दूरगावाहून आलेला रुग्ण रांगेत उभा राहतो, त्याला ‘सर्व्हर’ म्हणजे काय ते ठाऊक नसते. त्याला फक्त ताटकळणे ठाऊक असते. या कामास आपण केवळ उपजीविका समजू नये. ती शेजाऱ्यावरील प्रीतीचीही एक रीत आहे.

४. रखवालदाराची राखण कोण करील?

आता सर्वांत गंभीर गोष्ट. या वर्गात चोराच्या युक्त्याही शिकवितात, कारण त्या ठाऊक असल्याशिवाय त्यांना अडविता येत नाही. जी विद्या कुलूप लावते, तीच ते उघडते. दोहोंमधील सीमारेषा म्हणजे मालकाची परवानगी. परवानगीवाचून, अप्रामाणिक हेतूने दुसऱ्याच्या संगणकात शिरणे हा माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० अन्वये अपराध आहे व त्याला तीन वर्षांपर्यंत कारावास, पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. पण कायद्याचा हात पोहोचणार नाही अशी कितीतरी ठिकाणे असतात. उद्या तुला इतरांची पत्रे, पगार, आजार, घरगुती भांडणे दिसतील. वाचली तरी कोणाला कळणार नाही. नोंदी पुसण्याची युक्तीही तुलाच ठाऊक असेल. तुझी खरी परीक्षा त्या घटकेस होईल आणि तिचे प्रमाणपत्र कोणतीही संस्था देत नाही.

दरवाजे बसविल्यावर नहेम्याने यरुशलेमेचा अधिकार कोणाकडे सोपविला? आपला भाऊ हनानी आणि गढीचा अधिकारी हनन्या यांच्याकडे. हनन्या विश्वासू होता व इतर पुष्कळांहून अधिक देवभीरू होता, एवढेच कारण शास्त्र देते. त्याच्या कौशल्याविषयी तेथे एक शब्दही नाही.

आणि तेराव्या अध्यायातील दुःखद प्रसंगही विसरू नका. तट भक्कम होता, दरवाजांना अडसर होते. तरी नहेम्या दूर असताना एल्याशीब याजकाने, त्याच तोबीयाला, मंदिराच्या आवारात प्रशस्त खोली देऊन टाकली. जो बाहेरून भिंत पाडू शकला नाही, त्याला आतल्याच माणसाने बिछाना घालून दिला. नहेम्याने परतल्यावर त्याचे सारे सामान बाहेर फेकले व ती खोली शुद्ध करविली. बंधुभगिनींनो, आपल्या अंतःकरणातही एखादी खोली तोबीयाला दिलेली नाही ना? लोभ, कुतूहल, सूड यांना तेथे थारा असेल, तर आपल्या हाती दिलेली किल्ली सुरक्षित नाही.

मंडळीसाठी दोन शब्द

नवे काम आरंभिणाऱ्यांना तोबीयाने हिणविले होते की, कोल्हा चढला तरी यांची भिंत ढासळेल. “या वयात हे कशाला?” असे विचारून आपण त्याच्या पंक्तीस बसू नये. त्यापेक्षा परीक्षेच्या आठवड्यात त्या भगिनीची मुले सांभाळावी, जुना संगणक पडून असेल तर द्यावा, ओळखीच्या ठिकाणी प्रामाणिक शिफारस करावी.

आणि सर्व करूनही नोकरी लवकर मिळाली नाही, तर? खचू नको. नहेम्याचे यरुशलेम इ.स. ७० मध्ये रोमी सैन्याने उद्ध्वस्त केले. पण त्या सोनाराचे आणि शल्लूमाच्या कन्यांचे श्रम देवाच्या ग्रंथात आजही नोंदलेले आहेत. देवाने आपल्या कल्याणासाठी आपले स्मरण ठेवावे, एवढेच नहेम्याचे शेवटचे मागणे होते.

प्रार्थना : हे इस्राएलाच्या राखणाऱ्या प्रभो, तू कधी झोपत नाहीस. नवे काम शिकणाऱ्या तुझ्या लेकरांना नम्र मन, जागृत डोळे आणि शुद्ध हात दे. त्यांच्या मागल्या वर्षांतील एकही दिवस तू वाया जाऊ देत नाहीस, याची त्यांना खातरी दे. प्रभू येशूच्या नावाने मागतो. आमेन.