खोड कुणाची?

समजा, मुकुटबनमधल्या एका तरुणाने कर्ज काढून नवी गाडी घेतली. दीड महिन्याने एका सकाळी समोरच्या काचेला लांब चीर गेलेली दिसली. गाडी रात्रभर दारातच उभी होती. शोरूमवाला काच पाहतो आणि म्हणतो, "गिट्टी लागली असेल. तुमच्याकडे कोळशाचे, सिमेंटचे ट्रक चालतात ना! बाहेरचा मार वॉरंटीत बसत नाही."

सगळा वाद त्या 'असेल'मध्ये आहे. चीर कशाने गेली हे शोरूमवाल्याने पाहिलेलं नाही आणि मालकानेही पाहिलेलं नाही. माहिती दोघांनाही नाही, पण काचेचे पैसे एकट्या मालकाने भरायचे. हे न्याय्य आहे का?

बैलबाजारात असता, तर कदाचित होतं. तिथे घेणारा दात पाहतो, पाठीवरून हात फिरवतो, बैल चालवून बघतो. विकणाऱ्याइतकंच त्यालाही बैलातलं कळतं. घरी आणल्यावर खोड निघाली, तर लोक त्यालाच विचारतात, "तुझे डोळे कुठे होते?" 'घेणाऱ्याने सावध राहावं' हा नियम अशा बाजारातला आहे. पण काचेचे दात कसे मोजणार?

काच मात्र थोडंफार सांगते. खडा लागला असेल, तर बहुतेक वेळा आघाताची बारीक खूण सापडते. खूण नसेल आणि चीर थेट कडेपासून निघाली असेल, तर ताणाचा संशय येतो. कडेला राहिलेला सूक्ष्म दोष किंवा बसवतानाचा दाब ऊन आणि एसीच्या फरकात उघडा पडू शकतो. हे वाचण्याची नजर आणि साधनं कंपनीकडे असतात. मग ज्याला शोधता येतं, त्यानेच आधी शोधायला नको का?

२०२२ साली सर्वोच्च न्यायालयासमोर एक ह्युंदाई क्रेटा आली होती. समोरून अपघात झाला, एअरबॅग उघडल्या नाहीत. धडक पुरेशा जोराची नव्हती, असं कंपनीचं म्हणणं. टकरीचा वेग आणि बल मोजण्याइतका ग्राहक भौतिकशास्त्रात तज्ज्ञ असावा ही अपेक्षा न्यायालयाने अमान्य केली, आणि गाडी बदलून देण्याचा आदेश कायम ठेवला.

पण म्हणून प्रत्येक वेळी कंपनीच दोषी, असंही नाही. गोव्यात एकाला २०११ चं मॉडेल सांगून २००९ चं विकलं गेलं. गाडी आधीच ६२२ किलोमीटर चाललेली, खाली गंज, वर ओरखडे. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने टाटा मोटर्सला यातून मोकळं केलं, कारण विक्रेत्याची ही करणी कंपनीला ठाऊक होती हे सिद्ध झालं नव्हतं. विक्रेता सुटला नाही. ज्याला माहीत होतं, त्याच्यावर भार राहिला. दोन्ही निकालांत मला एकच सूत्र दिसतं: जबाबदारी माहितीच्या मागे जाते.

हे सूत्र ग्राहकालाही लागू आहे. रस्त्यात खडा लागल्याचा आवाज ऐकूनही जो "आपोआप फुटली" म्हणतो, त्याने माहिती लपवली. मग खोड त्याची.

२०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने अंतर कमी केलं आहे. शोरूम नागपूरचं असलं, तरी मुकुटबनच्या माणसाला यवतमाळच्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते. दोष चाचणीशिवाय कळणार नसेल, तर आयोग वस्तू प्रयोगशाळेत पाठवू शकतो. मात्र त्या चाचणीची फी आधी तक्रारदाराला भरायला लावता येते. म्हणजे शंका फेडायची सुरुवात पुन्हा ग्राहकाच्याच खिशातून.

वॉरंटी म्हणजे कंपनीने दिलेला शब्द. गाडीच्या आत काय आहे ते आपल्याला दिसत नाही, म्हणून आपण त्या शब्दावर विसंबतो, आणि त्याची किंमत गाडीच्या किमतीतच मोजलेली असते. बाहेरच्या माराची भरपाई कंपनीने करू नये, हे मान्य. पण मार बाहेरचा होता हे तिने दाखवून द्यावं, लेखी, कारणासकट. नुसत्या 'असेल'वर दिलेला शब्द मागे घेता येत नाही.