आस, भोक आणि सुख

शर्यतीच्या आरसी, म्हणजे रेडिओने चालवायच्या छोट्या गाडीचा सांधा मोकळा आहे की नाही, हे ओळखण्याची एक साधी रीत आहे. शॉक, म्हणजे धक्के शोषणारी नळी, एका टोकाला सोडवायचा, चाक धरून ठेवणारा आर्म चाकासकट हाताने वर उचलायचा आणि सोडून द्यायचा. तो निव्वळ स्वतःच्या वजनाने तळाशी आला तर ठीक; वाटेत रेंगाळला किंवा थांबला, तर सांधा आवळलेला आहे. मग चाकाचा कल ठरवणारी कॅम्बर लिंक काढून पुन्हा तेच करायचे. आता आर्म पडला तर दोष लिंकच्या बॉल कपमध्ये, तरीही अडला तर बिजागरीच्या पिनेत किंवा तिच्या भोकात. नव्या गाडीत हे बहुतेक वेळा करावेच लागते, कारण साच्यातून निघालेले नायलॉनचे भाग घट्ट असतात. मग भोकातून रीमर हे भोक रुंदावणारे हत्यार फिरवतात, कप बॉलवर बसलेला असतानाच पकडीने अलगद दाबतात, पिन घासून गुळगुळीत करतात. मोकळे करणे म्हणजे नेमके काय करणे, हा प्रश्न आपण एरवी मोक्ष, स्वातंत्र्य अशा मोठ्या शब्दांच्या आधाराने सोडवायला जातो आणि त्या शब्दांच्या भारानेच थकतो. इथे तो प्रश्न बोटांच्या चिमटीत धरून तपासता येतो, म्हणून मला या खटपटीचे मोल वाटते.

एवढ्याशा घर्षणाने बिघडते तरी काय? लांबी, रुंदी आणि उंची दहापट कमी केली की आकारमान हजारपट कमी होते. दीड टनाच्या मोटारीचा हा हिशेब दीड किलोवर येतो, आणि 1:10 प्रमाणातल्या आरसी गाडीचे वजन खरोखरच त्याच्या आसपास असते. पण घट्ट बसलेल्या पिनेचे घर्षण गाडीच्या वजनाबरोबर घटत नाही. भोक पिनेला किती आवळते, यावर ते ठरते. म्हणून मोठ्या मोटारीत जाणवणारही नाही असा अडथळा या गाडीत चाकावरच्या भाराशी बरोबरी करू लागतो. त्यात थांबलेली वस्तू हलवायला लागणारा जोर ती सरकती ठेवण्याच्या जोरापेक्षा जास्त असतो; शार्ल कूलाँ या फ्रेंच अभियंत्याने अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात या फरकाचा बारकाईने अभ्यास केला होता. परिणाम असा, की लहान उंचवट्यावर आर्म हलतच नाही, चाक जमीन सोडते. मोठ्या उंचवट्यावर तो एकदम झटक्याने सुटतो आणि परतताना मूळ जागी न येता कुठेतरी अलीकडे थांबतो. डावी बाजू एका उंचीला, उजवी दुसऱ्या. चालवणाऱ्याला वाटते स्प्रिंग कडक आहे, म्हणून तो नरम स्प्रिंग घालतो, शॉकमधले सिलिकॉन तेल पातळ करतो. दोष तिथे नसतोच.

आता एका शब्दाकडे वळू. ऋग्वेदात ‘सुख’ हा शब्द रथाचे विशेषण म्हणून येतो; ऋभू नावाच्या देव-कारागिरांनी अश्विनीकुमारांसाठी घडवलेला रथ ‘सुख’ आहे. ‘ख’ म्हणजे पोकळी, भोक. खगोलातला ख हाच, आणि भास्कराचार्यांच्या गणितात शून्याला वापरलेला ख हाच. शून्याने भागलेल्या राशीला ते खहर म्हणतात. म्हणून मोनियर-विल्यम्स यांच्या संस्कृत कोशात सुखाचा मूळ अर्थ आसाचे भोक चांगले असलेला, म्हणजे सहज पळणारा, असा सांगितला आहे. ही व्युत्पत्ती निर्विवाद नाही. ‘सुस्थ’ या शब्दाचे ते प्राकृत रूप असावे असाही तर्क आहे, निरुक्तकार यास्काने ‘ख’चा संबंध इंद्रियांशी जोडला, आणि बौद्ध भाष्यकार बुद्धघोषाने दुःखातला ख नुसता रिकामेपणा म्हणून वाचला. व्युत्पत्ती खरी ठरली तरी तिने काही सिद्ध होत नाही, हा आक्षेपही मला मान्य आहे. शब्द कुठून आला यावरून वस्तू काय आहे हे ठरत नसते. तरीही रथाला सुख म्हणणारा तो प्रयोग एक शक्यता दाखवतो, आणि ती शक्यता व्युत्पत्तीच्या आधाराविना तपासता येते. सुख ना आसात, ना भोकात; ते त्या दोघांच्या जुळणीत असू शकते.

जुळणी म्हटले की लगेच मध्यम मार्ग आठवतो. वीणेची तार फार ताणू नये, फार सैल सोडू नये, हा बुद्धाने सोण नावाच्या भिक्षूला दिलेला दाखला सर्वांना ठाऊक आहे. मला मात्र पिनेचा दाखला वेगळा वाटतो, आणि माझे म्हणणे त्या वेगळेपणावरच उभे आहे. अवकाशात सुट्या वस्तूला सहा तऱ्हांनी हलता येते: तीन दिशांना सरकणे आणि तीन आसांभोवती फिरणे. बिजागरीची पिन त्यांतल्या पाच अडवते आणि एक मोकळी ठेवते. चांगल्या सांध्यात या पाच दिशा ‘बेताच्या’ घट्ट नसतात. त्यांत शक्य तितकी कमी हालचाल हवी, म्हणून तर आर्म पुढे-मागे सरकू नये यासाठी शिम नावाच्या पातळ चकत्या घालतात. आणि उरलेली सहावी दिशाही बेताची सैल नसते. ती होईल तितकी निर्वेध हवी. सगळीकडे थोडे घट्ट, थोडे सैल असा सांधा म्हणजे झिजलेला सांधा. तो खुळखुळतोही आणि अडतोही. मराठीने हा भेद पूर्वीच ओळखला आहे. सैल, ढिला आणि मोकळा हे शब्द आपण एकमेकांच्या जागी वापरत नाही. सैल जोडे असतात, ढिला कारभार असतो. गळा मात्र मोकळा असतो, मन मोकळे असते, वाट मोकळी असते. मोकळेपणाला कुठेतरी जाण्याची दिशा लागते, ढिलेपणाला ती नसते. म्हणून बंधन आणि मुक्ती यांना एकाच पट्टीची दोन टोके मानून मधला बिंदू शोधणे मला चुकीचे वाटते. पाच दिशांची पक्की बांधणी हीच सहाव्या दिशेच्या मोकळेपणाची अट आहे. पिन काढून टाकली तर आर्मला सहाही स्वातंत्र्ये मिळतात आणि तो मातीत पडून राहतो.

मोक्षवादी यावर म्हणतील की तुम्ही संसारातल्या सोयीला मुक्ती म्हणता आहात. सांख्यांचे कैवल्य म्हणजे पुरुषाचे प्रकृतीपासून वेगळे होणे. तिथे जुळणीचा प्रश्नच नाही, पिन काढण्याचाच आहे. आक्षेप वजनदार आहे. पण ईश्वरकृष्णाच्या सांख्यकारिकेलाही एक अडचण सोडवावी लागली: ज्ञान झाल्यावर माणूस लगेच मरत नाही, मग तो जगतो कसा? तिथे दाखला येतो कुंभाराच्या चाकाचा. कुंभाराने हात काढला तरी चाक आधीच्या वेगाने काही काळ फिरत राहते. हे चाक आसावरून निसटलेले नाही, हे मला महत्त्वाचे वाटते. ते आपल्या खुंटीवरच फिरते. थांबला आहे तो ढकलणारा हात. मुक्त माणूस जिवंत असताना कसा दिसेल हे सांगण्याची वेळ आली, तेव्हा वियोगवादी दर्शनानेही नीट बसलेले चाकच पुढे केले. मृत्यूनंतरच्या कैवल्याबद्दल माझा सांधा काही बोलू शकत नाही. जगणाऱ्या मुक्ताबद्दल मात्र तो आणि कारिका फार लांब नाहीत.

दुसरा आक्षेप मला अधिक छळतो. ‘बांधणी हीच मोकळेपणाची अट’ हे वाक्य या देशात माणसांना जखडून ठेवण्यासाठी शतकानुशतके वापरले गेले. प्रत्येकाने आपल्या जागी घट्ट बसावे, त्यातच समाजाचे चाक नीट फिरते, असे वर्णव्यवस्थेचे समर्थक सांगत आले. 1936 साली ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’ मध्ये डॉ. आंबेडकरांनी याला उत्तर दिले. जात ही केवळ श्रमांची विभागणी नसून श्रमिकांची विभागणी आहे, आणि ती माणसाच्या आवडीवर वा कुवतीवर नव्हे तर जन्मावर उभी आहे, हे त्यांनी दाखवले. सांध्याच्या भाषेत सांगायचे तर जात पाच दिशा अडवून सहावी मोकळी ठेवत नाही. माणसाची स्वतःची चाल जिकडे असते, नेमकी तीच दिशा ती अडवते. सांध्याची परीक्षाही इथे उपयोगी पडते. आर्म मोकळा आहे की नाही, हे पिनेला विचारून कळत नाही, बनवणाऱ्याच्या पुस्तिकेवरूनही कळत नाही. आर्म सोडून द्यावा लागतो आणि तो आपल्या वजनाने पडतो का, हे पाहावे लागते. बंधनाची साक्ष बांधलेल्याच्या हालचालीतून घ्यायची असते, बांधणाऱ्याच्या हेतूतून नव्हे. उपमा अपुरी पडते ती याच्या पुढे: आर्मची दिशा आराखडा काढणाऱ्याने ठरवलेली असते, माणसाची तशी कोणी ठरवलेली नाही. ती त्यालाच निवडावी लागते. ती निवड बाहेरून करून देणारी कोणतीही बांधणी, मग ती कितीही गुळगुळीत असो, सुखाची जुळणी नव्हे. पण निवड झाल्यावर गायकाने सूर, गणितज्ञाने सिद्धतेचे नियम, व्रतस्थाने व्रत घट्ट धरले, तर त्याला कमी स्वतंत्र म्हणण्याचे कारण मला दिसत नाही.

सांधा अडतो तेव्हा दोष कोणाचा, हाही प्रश्न उरतो, आणि तिथे घाई फार महागात पडते. आर्म अडला की रीमर हाती घेण्याचा मोह होतो. पण धडकेत पिन वाकली असेल, तर भोक मोठे करून आर्म मोकळा झाल्यासारखा वाटतो आणि पुढे खुळखुळत राहतो. रीमरने काढलेले प्लास्टिक परत येत नाही. म्हणून आधी पिन काढून सपाट काचेवर गडगडवून पाहायची. वाकडी असेल तर ती लडबडते. पिन बदलायची, भोकाला हात लावायचा नाही. कपचेही तसेच आहे. लिंकच्या दोन टोकांचे कप एकाच पातळीत नसतील, तर बॉल कितीही गुळगुळीत असो, कपाची कड स्टडला अडते. तिथे दाबादाबीचा उपयोग नसतो, कप फिरवून सरळ करावा लागतो. नियम वाकलेला असताना माणसांनाच घासून घासून त्याच्याशी जुळवून घ्यायला लावणे, हे घरात, शाळेत, धर्मसंस्थेत सतत घडते, आणि घासला गेलेला माणूसही पूर्ववत होत नाही. उलटेही घडते: माणूसच कुठेतरी वाकलेला असतो आणि तो भोवतालचा प्रत्येक नियम मोठा करत सुटतो.

एवढे करूनही काम एकदाच संपत नाही. मातीच्या ट्रॅकवर बारीक धूळ सांध्यात शिरते, आणि तेल घातले तर ते धूळ धरून ठेवते, म्हणून पिन आणि भोक कोरडीच पुसायची असतात. पुढच्या फेरीआधी शॉक पुन्हा सोडवायचा, आर्म उचलायचा आणि तो पडतो का ते पाहायचे.