दस्तुर खुद्द

खरेदीखत असो, भाडेचिठ्ठी असो की सोसायटीचा कर्जरोखा असो, जुन्या मराठी कागदाच्या तळाशी 'सही द. खु.' अशी अक्षरे हटकून सापडतात. १९५६ पर्यंत बेळगाव मुंबई राज्यात होते. त्या काळातले कितीतरी कागद आमच्याकडे घरोघरच्या ट्रंकांत अजून पडून आहेत. द. खु. म्हणजे दस्तुर खुद्द. हे अक्षर माझ्या स्वतःच्या हातचे आहे. ज्याला लिहिता येत नसे तो निशाणी करी. कुणब्याची निशाणी नांगर, इतरांची आपापल्या धंद्याचे हत्यार. पुढे डाव्या हाताचा अंगठा आला. पण निशाणी करणाऱ्याच्या शेजारी, ज्याने तो कागद लिहिला तो आपलेही नाव घाली: 'बिकलम अमुक'. कागद कोणाच्या वतीने आहे आणि लेखणी कोणाच्या हातात होती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे खुद्द कागदच सांगत असे.

ही जुनी रीत मला आज आठवण्याचे कारण माझा धंदा. बेळगावात मी बरीच वर्षे डीटीपीचे काम करतो. लग्नपत्रिका, हँडबिले, शाळांची प्रमाणपत्रे ही आमची रोजची भाकरी. पण मधूनमधून एक निराळे गिऱ्हाईक येते. वय अठरा ते पंचवीस. खिशातून मोबाइल काढून म्हणते, "काका, माझ्या नावाची एक झकास पट्टी करून द्या की. नाव उठून दिसलं पाहिजे बघा." ही पट्टी म्हणजे त्याची सही. या शतकाच्या पहिल्या दशकात संगणकावर एकमेकांशी गप्पा मारणाऱ्या, वाद घालणाऱ्या जगभरच्या तरुणांत अशा पट्ट्यांची मोठी हौस होती. लिहिलेल्या प्रत्येक मजकुराखाली ती आपोआप येऊन बसे. गप्पांच्या जागा बदलल्या, हौस गेली नाही. आता ती छायाचित्राच्या कोपऱ्यात, वाढदिवसाच्या शुभेच्छांखाली, गावच्या क्रिकेट संघाच्या चित्रावर दिसते.

ती करतात कशी, ते थोडक्यात सांगतो. कारण माझा प्रश्न त्या करण्यातूनच निघतो. फोटोशॉप किंवा गिंपसारख्या प्रोग्रॅममध्ये पाचशे बाय दीडशे पिक्सेलच्या आसपासचा एक आडवा चौकोन घ्यायचा. त्यात एका रंगातून दुसऱ्यात विरघळणारी पार्श्वभूमी भरायची. मग एखाद्या नटाचे, खेळाडूचे किंवा गाडीचे चित्र कोठूनतरी आणून त्याची मागची बाजू कापून काढायची. त्यावर कोणी दुसऱ्याने तयार केलेल्या ब्रशने धूर, ठिणग्या, शाईचे शिंतोडे मारायचे. शेवटी तिसऱ्या कोणी आखलेल्या फॉन्टमध्ये नाव टाकायचे, त्याला सावली द्यायची आणि भोवती एक पिक्सेलची बारीक चौकट काढायची. यातली प्रत्येक गोष्ट वेगळ्या लेयरवर, म्हणजे थरावर असते. काचेच्या तावदानांवर वेगवेगळी चित्रे काढून ती एकावर एक ठेवावीत तसे हे थर. फोटोशॉप बाजारात आले १९९० साली आणि थरांची सोय त्यात आली १९९४ च्या तिसऱ्या आवृत्तीत. त्याआधी एकदा मारलेला रंग खालच्या चित्रात मुरून जाई. थर आल्यावर, कोणते काम कोणते हे शेवटपर्यंत सुटे ठेवता येऊ लागले.

सुटे ठेवता येते, पण ठेवले जात नाही. गिऱ्हाइकाला थरांची फाइल नको असते. तिला जागा फार लागते आणि ती मोबाइलवर सरळ उघडतही नाही. त्याला हवी असते जेपीजी किंवा पीएनजी. तशी फाइल करताना सगळे थर दाबून एक होतात. आमच्या भाषेत लेयर फ्लॅटन झाले. आता नटाचा फोटो काढणारा कोण, धुराचा ब्रश करणारा कोण, अक्षरे आखणारा कोण आणि हे सारे जुळवणारा मी कोण, यातले काहीही त्या चित्रातून निघत नाही. वर दिसते ते एकच नाव, आणि ते नाव ज्याने यातली एक रेघही ओढली नाही त्याचे. शिवाय त्या वस्तूला आपण म्हणतो सही!

वाचकांना वाटेल, हा एवढ्याशा हौसेवर फार मोठा बोजा टाकणे झाले. पोरगा खूश, दुकानदाराला दोन पैसे मिळाले, यात नीतीचा प्रश्न कोठे आला? शिवाय आपली परंपराच नाव न लावणाऱ्यांची. दारातल्या रांगोळीखाली कोण सही करते? ठिपक्यांची मांडणी शेजारणीकडून घेतली तर तिची परवानगी कोण मागते? हा आक्षेप मला खोटा वाटत नाही. कला उसनवारीवरच वाढते आणि शिकणारा हात आधी दुसऱ्याच्या हातामागून चालतो. आमच्या धंद्यातली बहुतेक पोरे अशीच तयार झाली.

परंतु रांगोळीत आणि या पट्टीत एक भेद आहे. रांगोळीवर कोणाचेच नाव नसते, म्हणून ती सगळ्यांची. पट्टीवर नाव असते, किंबहुना नावाखेरीज तिला दुसरा विषयच नसतो. आणि परंपरा म्हणाल तर तीही एकच एक नाही. बेलूरचे देऊळ १११७ सालचे. तिथल्या शिल्पांखाली दासोज, चावण अशी कारागिरांची नावे कोरलेली आहेत, आणि नुसती नावे नव्हेत, बळ्ळिगावीचे म्हणून गावसुद्धा. पुढे सोमनाथपूरला मल्लितम्माची सही कितीतरी मूर्तींखाली आढळते. ते नाव मूर्तीपेक्षा लहान आहे, पायाशी आहे आणि ज्याच्या हातात छिन्नी होती त्याचेच आहे. दिवाळी अंकांच्या वाचकांना हे वेगळे सांगायला नको. 'दीपावली'चा अंक हाती आला की मुखपृष्ठाच्या कोपऱ्यात दीनानाथ दलालांची सही शोधणारी एक पिढी आपल्यात होऊन गेली. ती सही शोभेसाठी नव्हती. 'या चित्राचे बरेवाईट मला विचारा' असे ती सांगत होती.

युरोपात याच प्रश्नावरून तंटा झाल्याची हकिकत वासारीने आपल्या चित्रकारांच्या चरित्रांत दिली आहे. सोळाव्या शतकाच्या आरंभी न्यूरेंबर्गचा आल्ब्रेख्त ड्यूरर आपल्या चित्रांवर ए आणि डी ही दोन अक्षरे एकात एक गुंफून घालीत असे. मार्कांतोनियो राइमोंदी नावाच्या इटालियन कोरकाने त्याची लाकडी ठशांची चित्रे तांब्यावर कोरून काढली, आणि सोबत ती दोन अक्षरेही. ड्यूररने व्हेनिसला तक्रार केली. वासारीच्या सांगण्याप्रमाणे निवाडा असा झाला की ड्यूररचे नाव आणि ती खूण मार्कांतोनियोने यापुढे वापरू नये. चित्रे उतरवण्याबद्दल त्याला दुसरी शिक्षा झाली नाही. चित्राची नक्कल त्या काळच्या लोकांनी चालवून घेतली, सहीची नक्कल मात्र चालवून घेतली नाही. आपण आता उलट्या टोकाला आलो आहोत. चित्र दुसऱ्याचे घेतो आणि सही आपली चिकटवतो. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या सत्तावन्नाव्या कलमाने, कृती विकून टाकल्यावरही 'ही माझी' असे म्हणण्याचा हक्क कर्त्याजवळ ठेवला आहे. पण कायदा दाराशी येतो तो कोणी बोलावले तरच. दोन इंचांच्या पट्टीसाठी त्याला कोण बोलावणार?

इथपर्यंत प्रश्न श्रेयाचा होता. पण सही ही श्रेयापेक्षा जबाबदारीची गोष्ट आहे, आणि ते मला कळले ते दुसऱ्या प्रकारच्या कामातून. शाळा, मंडळे, पतसंस्था यांची प्रमाणपत्रे आम्ही छापतो. दोनशे प्रमाणपत्रांवर सह्या करायला अध्यक्षांना वेळ नसतो. मग ते कोऱ्या कागदावर एक सही देतात. आम्ही ती स्कॅन करतो, मागचा पांढरा भाग काढून टाकतो, शाई थोडी गडद करतो आणि पीएनजी करून ठेवतो. पीएनजी अशासाठी की तिच्यात पार्श्वभूमी पारदर्शक राहते, जेपीजीत राहत नाही. अशी सही कोणत्याही कागदावर ठेवा, ती तिथलीच वाटते.

अशाच एका मंडळाचे चिटणीस तीन-चार वर्षांपूर्वी वारले. सज्जन गृहस्थ, प्रत्येक प्रमाणपत्रावरचे नाव स्वतः तपासून मगच छापायला देत. त्यांच्या मागे दोन महिन्यांनी मंडळाचे एक सभासद आले. आदल्या वर्षीच्या स्पर्धेची तीस-चाळीस प्रमाणपत्रे द्यायची राहिली होती. म्हणाले, "स्पर्धा अण्णांच्या हयातीतच झाली. सही तर तुमच्याकडं आहेच. तीच टाका की." त्यात लबाडी नव्हती. मुलांनी बक्षिसे खरोखर मिळवली होती आणि अण्णा असते तर त्यांनी आनंदाने सही केली असती. माझ्या बाजूने काम दोन मिनिटांचे होते.

मी त्यांना म्हटले, "साहेब, अण्णांचं नाव छापू या. त्यांच्या कारकिर्दीत स्पर्धा झाली असंही छापू या. सही मात्र आताच्या चिटणीसांनी करावी." ते नाराज झाले, पण दुसऱ्या दिवशी नवे चिटणीस येऊन एकेका कागदावर बसून सही करून गेले. अर्धा तास लागला. सह्या करता करता त्यांना दोन नावे चुकलेली सापडली. ती आम्ही पुन्हा छापली. अण्णांच्या सहीचे चित्र ती चूक पकडू शकले नसते. सही करणारा माणूस कागदाकडे पाहतो, सहीचे चित्र पाहत नाही. दोहोंतला फरक मला यापेक्षा सोप्या शब्दांत सांगता येणार नाही. ती फाइल मी त्यानंतर संगणकातून काढून टाकली आणि तसे मंडळाला कळवले.

सरकारने २००० साली माहिती तंत्रज्ञानाचा कायदा केला, त्यात डिजिटल सहीला मान्यता दिली. पुष्कळांना वाटते, स्कॅन केलेली सही म्हणजेच डिजिटल सही. तसे नाही. कायद्यातल्या त्या सहीत चित्राला किंमतच नाही. ती गणिताची जोडकिल्ली असते. एक किल्ली सही करणाऱ्याजवळ गुप्त, दुसरी सर्वांना उघड. कागदातले एक अक्षर मागाहून बदलले तरी पडताळा चुकतो. सहीला चेहरा नाही, पण जबाबदारी आहे. आमच्या पट्टीला चेहरा आहे, जबाबदारी नाही. पूर्वी या दोन्ही गोष्टी एकाच शाईच्या रेघेत असत.

जुन्या पत्रांतली आणखी एक रीत इथे आठवते. शिवकालीन पत्राच्या माथ्यावर राजमुद्रा असे आणि शेवटी मर्यादा मुद्रा. ती मजकूर जिथे संपे तिथेच उमटवीत, म्हणजे मागाहून खाली कोणाला एक ओळ घुसडता येऊ नये. शिक्कामोर्तब हा शब्द आपण आजही वापरतो. 'माझे म्हणणे येथे पुरे झाले, यापुढचे माझे नाही' ही मर्यादा सांगणे हे सहीचे मूळ काम. जी पट्टी मी काहीही बोललो तरी, विचार करून बोललो किंवा रागाच्या भरात बरळलो तरी, तशीच येऊन खाली बसते, ती कसली मर्यादा सांगणार? ती तर माझ्या बोलण्याच्या आधीच तयार होऊन बसलेली असते.

म्हणून काय या पट्ट्या करू नयेत? मी करतो, आणि आवडीने करतो. नावावर प्रेम असणे हा काही गुन्हा नाही. त्यातून सीमाभागात आपले नाव आपल्या अक्षरात सजलेले पाहण्याची हौस थोडी जास्तच असते, ती मी समजू शकतो. मी फक्त दोन गोष्टी पाळतो. गिऱ्हाइकाला जेपीजीबरोबर थरांची फाइलही देतो, आणि त्या फाइलीतल्या प्रत्येक थराला नाव देतो: फोटो कोणाचा, ब्रश कोणाचा, फॉन्ट कोणता, जुळणी कोणाची. ज्या फोटोचा धनी सापडत नाही तो घेत नाही. त्याऐवजी म्हणतो, "तुझाच एखादा फोटो आण. नाहीतर कागदावर तुझ्या हाताने नाव लिहून दे, ते स्कॅन करू." पहिल्यांदा पोरे लाजतात. "माझं अक्षर घाण आहे हो काका," म्हणतात. लिहिताना जीभ बाहेर काढून चार-चार वेळा गिरवतात. त्यातले एक वाकडेतिकडे नाव निवडून मी पट्टीत बसवतो. ते दुसऱ्या कोणत्याही फॉन्टमध्ये मिळत नाही.

परवा एकाने सगळ्या थरांची नावे वाचली आणि विचारले, "काका, ही जुळणी तुमची, मग खाली तुमचं नाव बारीक टाकू का?" मी म्हटले, "टाक. पण 'बिकलम' म्हणून टाक." त्याला त्या शब्दाचा अर्थ सांगावा लागला. सांगितल्यावर मात्र त्याने तो बरोबर लिहिला.