जिंकलेला मुलूख, मानलेला देव

इ.स. ६३६च्या सुमारास अरबांची गलबतं ठाण्यावर चालून आली. प्रेषित मुहंमद यांना जाऊन तेव्हा जेमतेम चार वर्षं झाली होती. बहरीन आणि ओमानचा कारभार पाहणाऱ्या उस्मान सकफी यानं ही मोहीम खलिफा उमर यांना न विचारता धाडली. गलबतं परतल्यावर त्यानं मदिनेला कळवलं, तर उलट खरमरीत पत्र आलं. माणसं बुडाली असती तर तेवढीच तुझ्या टोळीतून वसूल केली असती, असा त्याचा आशय. नवव्या शतकातल्या बलाझुरीनं ही हकिगत नोंदवून ठेवली आहे.

मी पिशोरला मुलांना इतिहास शिकवते. घरी आम्ही दखनी बोलतो, वर्गात मी मराठीत शिकवते. माझं नाव मुसलमानी, म्हणून एक प्रश्न मला दोन्हीकडून येतो. कुणी विचारतं, ‘मॅडम, तुमचा धर्म तलवारीनंच पसरला ना?’ आणि आमच्यातलाच एखादा तरुण छाती काढून सांगतो, ‘शंभर वर्षांत सिंधपासून स्पेनपर्यंत राज्य झालं, अल्लाहची मदत नसती तर झालं असतं का?’ मला या दोघांचं म्हणणं एकच वाटतं. धर्म खरा की खोटा हे दोघंही रणांगणावर ठरवतात.

उमर यांच्या पत्रात ठाणेकरांसाठी कळवळा नाही, काळजी आहे ती आपल्या माणसांची. मुलांना मी हेही सांगते. या मोहिमांत माणसं मारली गेली, गुलाम केली गेली, लूट वाटली गेली. ते झाकून धर्माची बाजू मांडायची मला गरज वाटत नाही. पण मुलूख जिंकणं आणि लोकांनी कलमा पढणं या दोन घटनांमध्ये पिढ्यांचं अंतर आहे. ६४२ साली नहावंदला इराणच्या बादशाहीचं कंबरडं मोडलं, तरी तिथली बहुसंख्य रयत मुसलमान व्हायला दोनेक शतकं तरी गेली. उमय्या घराण्याचे अंमलदार तर नवमुस्लिमांकडूनही जिझिया घेत राहिले, कारण माणसं धर्मात आली की खजिन्यातली आवक घटायची. हे थांबवण्याचा हुकूम उमर बिन अब्दुल अझीझ या खलिफाला काढावा लागला. त्याची कारकीर्द ७१७ ते ७२०. ज्या राज्याला कर हवा असतो, त्याला धर्मप्रसाराची घाई नसते.

आता अभिमानानं बोलणाऱ्या आमच्या मुलाशी. बाळा, ६२४ला बद्रला विजय मिळाला, मान्य. पुढच्याच वर्षी उहुदला काय झालं? प्रेषित स्वतः जखमी झाले, त्यांचे चुलते हमजा मारले गेले. त्या दिवसापुरता धर्म खोटा ठरला होता का? आणि करबला? ६८० साली प्रेषितांचे नातू हुसैन मूठभर सोबत्यांसह फरात नदीजवळ मारले गेले. पाणीसुद्धा अडवलं होतं त्यांचं. फौज उमय्या खलिफा यझीदची, म्हणजे सरकारी. राज्य तिचं, खजिना तिचा, विजयही तिचाच. याच उमय्यांच्या फौजेनं ३२ वर्षांनी सिंध घेतला. तरी मोहरममध्ये आपण कुणाचं नाव घेऊन रडतो? मराठवाड्यात गावोगाव सवाऱ्या बसतात, हिंदू घरांतली माणसं नवस फेडतात, शरबत वाटतात. हे सगळं हरलेल्याच्या नावानं. जिंकणाऱ्याच्या नावानं एक पेलाही कुणी भरत नाही. मुसलमानाचं मन सत्य कुठं शोधतं, याचा याहून मोठा पुरावा मला ठाऊक नाही.

 

अरबांची जमिनीवरची फौज दक्खनच्या दारापर्यंत आलीही होती. नवसारीला चालुक्यांच्या अवनिजनाश्रय पुलकेशीनं तिला मागं रेटलं. त्याचा ७३९चा ताम्रपट त्या ‘ताजिक’, म्हणजे अरब, सैन्यानं वाटेत तुडवलेली राज्यं एकेक करून सांगतो. पण त्यानंतर दोन शतकं होण्याच्या आतला आणखी एक ताम्रपट आहे, पालघर जिल्ह्यातल्या चिंचणीचा, ९२६ सालचा. शेजारी वेरूळला कैलास लेणं कोरवणाऱ्या कृष्णराजाचे वंशज, दुसरा कृष्ण आणि तिसरा इंद्र, यांनी संजाणचा कारभार एका ताजिकाकडे सोपवला होता. लेखात त्याचं नाव मधुमती, म्हणजे मुहंमद. त्यानं लोकांसाठी फुकट नाव चालवली, अन्नछत्र घातलं, भात, कालवण आणि तूप वाढायची सोय केली. आणि अन्नैय या ब्राह्मणानं बांधलेल्या देवीच्या मठाला, राजाच्या संमतीनं, गाव दान दिलं.

नवसारीत लढणारेही ताजिक, संजाणचा हा अधिकारीही ताजिक. मुलांना मी दोन्ही ताम्रपट एकाच तासाला शिकवते. एक सांगून दुसरा गाळणं ही इतिहासाशी बेइमानी आहे, आणि माझ्या दृष्टीनं धर्माशीही. मधुमती पाच वेळा नमाज पढत होता की नाही, ताम्रपटात लिहिलेलं नाही. त्याच्या छत्रात भुकेल्याला तूप वाढलं जात होतं, हे लिहिलेलं आहे.